नव्या गाडीचा ब्रेक आन् यष्टीचा पाय

...आन् वरून मलाच इचारती, "आवो, तुमाला खरंच गाडी चालवता येती का वो?" मला! तुमाला सांगतो, बायको हुती म्हनून गप बसलो, दुसरं कोनी बोललं असतं तर तितल्या तितं गाडीतून उतरून... न्हाई, उतरता बी आलं नसतं म्हना, कारन दार उघडायला जागाच नव्हती, गाडी शेजारच्या महादेवप्पा सरांच्या गेटात अडकलेली. पर इचारायची काई रीत? ह्या लिंबाजी सोनकांबळेला? लातूर नवीन जिल्हा झाला आन् त्याच साली मी यष्टीत डायवर म्हनून लागलो! नवीन जिल्ह्याला जुनी मान्सं म्या नेऊन सोडली... कोर्टाची, कचेरीची, लग्नाची, दवाखान्याची. नांदेड-लातूर, लातूर-नांदेड, सारा जलम त्याच रोडवर गेला. हातून एक कोंबडी मेली न्हाई. म्हंजी एक मेली, पर ती तिच्या चुकीनं मेली, तिचा मालक बी तसंच म्हन्ला.

तर रिटायर झालो. पोरगी पंचशीला, लातूरला नर्स हाय, ती म्हन्ली, "बाबा, जलमभर दुसऱ्याय्ला फिरवलाव, आता आईला फिरवा." झालं! गाडी घेतली. बारकी, पांढरी, कोंबडीच्या अंड्यावानी. म्या म्हन्लं, हिला काय चालवायचं? यष्टीच्या टपावर ठिवून नेली असती असली गाडी!

आन् तितंच फसलो, बगा.

तुमाला सांगतो, यष्टीचा क्लच म्हंजी काय चीज हाय. क्लच दाबायचा तर सीटवरून अर्धं उटायचं, कमरेचा जोर मांडीत आनायचा, मांडीतला गुडघ्यात, गुडघ्यातला टाचंत, आन् मंग वरून आख्खा मानूस पेडलवर उभा ऱ्हायचा. एवढी धूड गाडी, तिच्यात साठ मान्सं, दोन बकऱ्या, एक पिठाचं पोतं... ती काय चुटकीवर थांबती का? पाय रोवावा लागतो! माजा डावा पाय बगा आन् उजवा बगा. डावा जाड हाय. हाव! पायजम्यात दिसत न्हाई, पर शिंप्याला ठावं हाय.

आन् ह्या नव्या गाडीचं पेडल? पेडल हाय का लोन्याचा गोळा! शोरूममधी टाय लावलेला एक सायब हुता, पुन्याकडचा असंल, नाकात बोलायचा, "अंकल, ब्रेक अगदी सॉफ्ट आहे हं. दाबायचा नाही. नुसता स्पर्श करायचा. स्पर्श!" म्या म्हन्लं, बरं बाबा, करतो स्पर्श. माजी मालकीन पारूबाई शेजारी बसलेली, मांडीवर पेढ्याचा पुडा, पट्टा लावला न्हाई, का तर म्हने पोट आवळतंय. शोरूमच्या फाटकाबाहीर आलाव, समोरून एक ऑटो आला, म्या आपला स्पर्श केला...

पेढे काचंवर! एकूनएक! आन् पारूबाई पेढ्याय्च्या मागं मागं! कपाळाला हे एवढं टेंगूळ. मागून येनारी गाडी आमच्या पाठीवर, पुढचा ऑटो पळून गेला, आन् तो टायवाला सायब फाटकात हात जोडून उभा... "स्पर्श, अंकल, स्पर्श!" आता मला सांगा, डोस्क्याला कळतंय वो, पायाला कोन सांगावं?

घरी आलाव. आलाव म्हंजी दचकत आलाव. बेडूक कसा येतो पावसाळ्यात, तसं. क्लच सोडला की फुर्र्, ब्रेक लावला की धडाम्. यष्टीत रेस दिली की गाडी आधी इचार करती, "जाऊ का? बरं, जाते," आन् मंग निघती. हिला इचार करायची सवयच न्हाई! बोट लावलं की पळाली. गल्लीत वळलो, म्हन्लं जरा रेस देऊन गाडी अंगनात घालावी, आन् दिली यष्टीच्या हिशोबानं...

महादेवप्पा सरांचं गेट. आन् गेटाच्या आत त्यांचा निळा ड्रम. भरलेला!

तुमी म्हनताल, ड्रम तर ड्रम. पर साल कोनतं? ह्या साली गोदावरीत पोरं क्रिकेट खेळूलालेत, वो! लातूरला तर रेल्वेनं पानी आनावं लागलं, सगळ्या देशानं बगितलं. आमच्या नांदेडच्या गल्लीत टँकर कवा यील ते टँकरवाल्याला बी ठावं नसतंय. आला की सर सोता लुंगी खोचून, पाईप धरून, एकेक थेंब मोजून ड्रम भरतेत. तो ड्रम आडवा झाला आन् सगळं पानी गटारीत. आख्खी गल्ली बाहीर आली. मयतीला मान्सं जशी उभी ऱ्हातेत, तशी उभी. सर हळूच म्हन्ले, "लिंबाजीराव, मला सांगायचं होतं. मी गेट उघडलं असतं." बास, तेवढंच! आन् त्याच टायमाला आमची पारूबाई, टेंगळावर पदर धरून, सगळ्या गल्लीम्होरं, "आवो, तुमाला खरंच गाडी चालवता येती का वो?"

आमच्या वाट्याचं पानी सरांच्या ड्रमात ओतलं. गाडीवर चादर टाकली. तिच्याकडं बगायचं बी सोडून दिलं. पर दोस्त लोक सोडतेत का? डेपोत बातमी गेली. "सोनकांबळे, ऐकलं ते खरं हाय का? गाडी धुवाया सरांचा ड्रम लागला म्हने!" एक जन म्हन्ला, "डायवर, यष्टीची सवय हाय तुला, मागं साठ मान्सं बसव, मंग चालंल!" हसूलालेत आपले. हसा! डोस्क्याला कळतंय वो, पायाला कोन सांगावं?

तेवढ्यात पंचशीलाचा फोन आला. आधी आईसंगं बोलली. आईचं तोंड बारीक झालं, तिनं फोन माज्याकडं दिला. पोरगी रडत नव्हती, पर आवाज असा... कोरडा. "बाबा, लेकराच्या अंगाला घामोळं उठलंय. रात्रंदिस खाजवूलालंय, रडूलालंय. आंघोळ न्हाई घालता येत, ओल्या फडक्यानं पुसूलाले मी. दवाखान्यात दुसऱ्याय्च्या लेकराय्ला सांगते, सच्छ ठिवा, सच्छ ठिवा... आन् माज्या घरी बादलीभर पानी न्हाई." नातू आमचा सात महिन्याचा. ती म्हन्ली, "तुमी काई करू नका, नुसतं सांगितलं." अशी सांगती का पोरगी नुसतं?

म्या फोन ठिवला आन् गाडीवरली चादर काढली.

पारूबाई दारात आडवी. "यष्टीनं जाऊ." म्या म्हन्लं, यष्टीत घागरी कोन घिऊ देतंय? ती म्हन्ली, "मंग तुमच्या संगं एखादं शानं मानूस पायजे, त्येच्याबिगर मी बसत न्हाई." शानं मानूस म्हंजी कोन, तर श्रीमंत! माजा कंडक्टर. आमी दोघं लई वर्सं एका गाडीवर. नाव श्रीमंत, पर खिशात सदा दुसऱ्याचे सुट्टे. तो आला टोपी घालून. आन् मागं महादेवप्पा सर, हातात एक कॅन! त्याच ड्रमातलं पानी, वो. म्हन्ले, "लेकराच्या आंघोळीला घ्या." आता मला सांगा, असा शेजारी असल्यावर मानसानं त्याच्या गेटात गाडी घालावी का?

तर पलटन निघाली. डिक्कीत कॅन, मागच्या सीटवर श्रीमंत, त्याच्या दोन्ही बाजूनं कालच्या टँकरच्या भरलेल्या दोन घागरी, मांडीवर तिसरी. पारूबाई पुढं, आता पट्टा लावून, मांडीवर झाकनाची कळशी, आन् तोंडानं बुद्धवंदना... सुखरूप पोचावं म्हनून! म्या पायात माजे जुने काळे बूट घातले, यष्टीतले, जाड तळव्याचे. म्हन्लं, बूट घातल्याबिगर डायवर डायवर वाटत न्हाई.

नांदेड सोडलं तोवर बरं चाललं. म्हंजी दोनदाच बंद पडली. सोनखेडच्या अलीकडं स्पीड ब्रेकर आला. म्या स्वतःला सांगितलं, लिंबाजी, स्पर्श. फुलाला हात लावल्यावानी. लेकराच्या गालाला बोट लावल्यावानी. सांगून ऱ्हायलो, सांगून ऱ्हायलो, आन् ब्रेकर आला आन् पाय आपला यष्टीत जाऊन बसला... धडाम्! मांडीवरली घागर श्रीमंतच्या टोपीवरून माज्या मानगुटीवर! गार गार पानी पाठीतून खाली. एप्रिलच्या उन्हात एवढं बरं वाटलं म्हनून सांगू... पर बोलायची सोय हाय का? पारूबाई वरडली, "लेकराची आंघोळ गेली!" आन् श्रीमंत? तो सवयीनं दार वाजवून म्हन्ला, "सोनखेड! सोनखेडवाले उतरा!"

"गप की रे!" म्या म्हन्लं.

"डायवर, गाडी थांबली की त्वांड आपोआप चालतंय," तो म्हन्ला. "तुजा पाय तसं माजं त्वांड."

म्होरं एक बकरी. धडाम्! दुसरी घागर निम्मी. लोह्याच्या बाजारात एक हातगाडी. धडाम्! तिसरी घागर आन् पारूबाईची कळशी, झाकनासकट. ती वली, तो वला, मी वला. लोह्याच्या चौकात गाडी उभी ऱ्हायली तर चारी दारांतून पानी ठिबकूलालं, आन् मान्सं थांबून बगूलालेत! ह्या दिसांत पानी ठिबकलं की मानूस थांबतोयच. एक पानटपरीवाला वरडला, "डायवर सायब, नदी कुटून आनलाव वो?" पारूबाई माज्याकडं बगंना, मी तिच्याकडं बगंना. डोस्क्याला कळतंय वो, पायाला कोन सांगावं?

माळाकोळीच्या अलीकडं एका लिंबाखाली गाडी घेतली. का तर, पायात काईतरी डुचमळूलालं. ब्रेक मारला की सगळं पानी खालून पुढं यायचं, माज्या पायापाशी, आन् माजे बूट काठोकाठ भरलेले! उतरलो, एक बूट काढला, उपडा केला... भळ्ळकन पानी. दुसरा काढला... भळ्ळकन. तितं रोडच्या कडंला एक म्हातारी. डोक्यावर रिकामी घागर, कुठून आली, कुठं चालली, कोन जाने. उभी ऱ्हाऊन बगत हुती. सांडलेलं पानी मातीत जिरलं तिकडं बगितलं, माज्या बुटाकडं बगितलं, आन् एकदम साधं, चेष्टा न्हाई काई न्हाई, इचारली, "बाबा, तुमच्यात घागरी न्हाईत का? बुटात कामून पानी भरलाव?"

म्या दोन्ही बूट पाठीमागं धरले.

श्रीमंतला हसू आलं, पर त्यानं ते गिळलं. पारूबाई उतरली. म्हातारीला नाव इचारली. गुनाबाई म्हन्ली. पारूबाईनं निम्मी उरलेली घागर उचलली आन् तिच्या घागरीत वतली. म्हातारी "पुरे, पुरे, तुमाला लांब जायचंय," म्हनूलाली, आन् पारूबाई वततच ऱ्हायली. मी बाजूला उभा, हातात दोन बूट. तुमाला सांगतो, तवा लाज वाटली. ड्रमाच्या येळंला नव्हती वाटली एवढी. पानी न्यायला निघालो आन् रोडला पाजून आलो. डिक्कीतली सरांची कॅन तेवढी उरली हुती. ती बी गेली तर पोरीम्होरं काय घिऊन उभा ऱ्हाऊ? बूट?

गाडीत बसलो. बूट लिंबाच्या फांदीला वाळत घालावं म्हन्लं तर टाइम न्हाई, म्हनून टाकले मागं. आन् वल्ल्या उघड्या पायानं क्लचला पाय लावला...

अर्रर्र! हे काय?

तुमाला सांगतो, सगळं कळूलालं, वो! पेडल कुठं सैल हाय, कुठं धरतंय, कुठं गाडी म्हन्ते "जाऊ का?"... तिला बी सवय हुती इचारायची! मलाच ऐकू येत नव्हतं. जाड तळव्यातून काय ऐकू यील? तळपायाला गुदगुल्या झाल्यावानी झालं, क्लच जरा उचलला, आन् गाडी निघाली. दचका न्हाई, हिसका न्हाई. पारूबाईनं माज्याकडं बगितलं. मी पुढंच बगूलालो, मोठ्या डायवरवानी. अहमदपूरच्या अलीकडं ब्रेकर आला. श्रीमंतनं डोळे मिटले. पारूबाईनं दोन्ही हातानं डॅशबोर्ड धरला. म्या अंगठ्यानं, बगा, पायाच्या नुसत्या अंगठ्यानं ब्रेकला इचारलं, "थांबतीस का बाई?" आन् ती थांबली. म्हैस कशी पान्यात बसती, तशी.

मागून श्रीमंत म्हन्ला, "डायवर... टिकीट फाडू का?"

आन् चाकूर सोडलं तवा पारूबाई झोपली! माज्या शेजारी! तोंड उघडं टाकून! तुमाला ह्याचं काई वाटनार न्हाई, पर डायवरला इचारा. डायवरला बक्षीस-बिक्षीस काई नगं असतंय. मानूस शेजारी झोपला की झालं.

लातूरला पोचलाव. पंचशीलाच्या गल्लीत दोन्ही बाजूनं घागरीच घागरी, मान्सं कमी, घागरी जास्ती. त्या गर्दीतून उघड्या पायानं गाडी अशी काढली की एका घागरीला धक्का न्हाई. दारात उतरलो. पोरगी बगतच ऱ्हायली. बाप अनवानी, आई वली, श्रीमंतकाका वला, आन् पान्याची म्हनून एकच कॅन. ती म्हन्ली, "बाबा, पाऊस लागला का काय वाटंला?"

"हाव," पारूबाई म्हन्ली, "गाडीतल्या गाडीत."

मंग परात मांडली. खाली मोठा टब ठिवला, आंघोळीचं पानी परत फरशीला, फरशीचं संडासाला, असा तिचा हिशोब. लेकराला परातीत बसवलं. अंगभर लाल लाल पुरळ, वो, बगवत नव्हतं. पान्याचा पहिला तांब्या पडला आन् लेकरू रडायचं थांबलं. दचकून बगितलं, आन् हासलं! आन् मंग जे पाय मारायला लागलं... छपाक, छपाक! आईच्या तोंडावर, आज्जीच्या तोंडावर, श्रीमंतच्या टोपीवर. एवढ्या लांबून आनलेलं पानी, निम्मं बाहीर! पंचशीला वरडूलाली, "अरे सांडू नको, सांडू नको!" म्या म्हन्लं, पोरी, त्याला काय सांगतीस? डोस्क्याला बी कळत न्हाई अजून, पायाला कोन सांगावं!

दुसऱ्या दिशी तिची सुट्टी मंजूर झाली. म्या म्हन्लं, चला नांदेडला, पाऊस पडूस्तवर तिकडंच ऱ्हा. निघालाव सगळे. आन् आता मी म्हंजी... काय सांगू! उघडा पाय, पेडल जसं तुपात. अशी चालवली, अशी चालवली, की समोर पान्याचा गिलास ठिवला असता तर हलला नसता.

आन् लेकरू? गाडी निघाल्यापासून भोंगा! भोकाड पसरलं ते थांबंचना. दूध पाजलं, न्हाई. खुळखुळा वाजवला, न्हाई. श्रीमंतनं थांब्याची नावं म्हन्ली, न्हाई. अहमदपूर गेलं, सगळ्याय्चे कान गेले. आन् म्होरं एकदम एक कुत्रं आडवं आलं, म्या ब्रेक मारला, कचकन, जुना, यष्टीचा... धडाम्!

आन् लेकरू गप. बगतो तर झोपलं!

म्या म्हन्लं, झोप लागली असंल. पुन्ना तुपावानी गाडी चालवली, तर मैलभर गेलो न्हाई की उटलं आन् भोंगा सुरू. पंचशीला म्हन्ली, "बाबा, पोटात हुतं तवा सात महिने तुमच्याच यष्टीनं आले-गेले मी. त्याला दचक्याची सवय लागलीया." झालं! पारूबाई लागली मागं, "आवो, द्या की एक हिसका! तुमाला काय, येतोय की तुमाला!" म्या दाबला ब्रेक. गाडी आपली हळूच, मऊ, लाजल्यावानी थांबली. "असा न्हाई वो, तसा!" पुन्ना दाबला. पुन्ना तूप. घाम फुटला मला. सगळा जलम जे आपोआप यायचं, ते येईचना!

महिना झाला. रोज दुपारी लेकराला गाडीत घालून गल्लीत फिरवतो. आख्खी गल्ली दारात उभी ऱ्हाऊन शिकवती, "काका, धडाम्! अजून जोरात! क्लच एकदम सोडा!" सर बी गेट सताड उघडं ठिवतेत. आन् मी आपला घासूलालो. आता तुमीच सांगा... गाडी शिकवायचे क्लास सतरा हायेत नांदेडात, शिकलेली इसरायला कुठं शिकवतेत का, वो?